वाळूखालच्या गावाकडे

मध्य आशियात, आजच्या चीनमधील शिनजियांग प्रदेशात, तकलामकान नावाचे एक विस्तीर्ण वाळवंट आहे. त्याच्या उत्तरेस तिएनशान, दक्षिणेस कुनलुन आणि पश्चिमेस पामीर अशा उत्तुंग पर्वतांच्या रांगा उभ्या आहेत. सुमारे सव्वातीन लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्र राज्याहूनही थोडा मोठा असा हा प्रदेश वाळूच्या टेकड्यांनी भरलेला आहे. पर्वतांवरील बर्फ वितळून निघालेल्या नद्या या वाळवंटात उतरतात. त्यांतील बहुतेक काही अंतर वाहून वाळूतच लुप्त होतात. जेथे नदी, तेथे हिरवळ आणि वस्ती. नदीने पाठ फिरवली, की तेथे ओसाड रान. वाळवंटाच्या काठाने वसलेल्या गावांचा सारा इतिहास या एका नियमात सामावलेला आहे.

दक्षिण काठावरील खोतान हे नगर प्राचीन काळी मोठे वैभवशाली होते. भारतातून गेलेला बौद्ध धर्म तेथे रुजला होता. ब्राह्मी लिपीत लिहिलेले संस्कृत ग्रंथ तेथील विहारांतून पठण केले जात. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग हा सुमारे ६४१ साली महाराष्ट्रात येऊन गेला. चालुक्य राजा पुलकेशी याच्या प्रजेचे, उपकार स्मरणाऱ्या आणि अपमान न विसरणाऱ्या लोकांचे, त्याने वर्णन केले आहे. तोच यात्रेकरू मायदेशी परतताना खोतानला थांबला आणि तेथील दंतकथाही त्याने लिहून ठेवल्या. त्या कथांचा पुढे असा उपयोग होईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

काळ लोटला. वाळवंटातील कित्येक गावे ओस पडली. वाळूखाली नगरे गडप झाली आहेत, तेथे सोन्याच्या राशी आहेत आणि भुते त्यांची राखण करतात, अशी समजूत खोतानच्या लोकांत पसरली. हिवाळ्यात काही गरीब माणसे गाढवावर थोडा शिधा लादून सोन्याच्या आशेने वाळवंटात शिरत. त्यांपैकी काही रिकाम्या हातांनी परत येत, तर काही परत येतच नसत.

हे वाळवंट अनोळखी माणसाला क्षमा करीत नाही, याचा दाखला १८९५ साली मिळाला. स्वेन हेडिन हे स्वीडनचे प्रवासी उन्हाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून वाळवंट ओलांडण्यास निघाले. वाटेतच त्यांच्याजवळचे पाणी संपले. त्यांची दोन माणसे आणि बहुतेक उंट तहानेने मेले. हेडिन स्वतः सरपटत नदीपर्यंत पोहोचले. तेथे पोटभर पाणी पिऊन, मागे पडलेल्या सोबत्यासाठी त्यांनी आपल्या बुटांत पाणी भरून नेले, म्हणून त्याचे प्राण वाचले. पुढच्याच वर्षी, १८९६ च्या जानेवारीत, ते खोतानच्या बाजूने पुन्हा वाळवंटात शिरले. या वेळी त्यांना वाळूत अर्धवट बुडालेल्या एका प्राचीन वस्तीचे दर्शन झाले. तिला स्थानिक लोक दंदान उइलिक, म्हणजे हस्तिदंती घरांचे ठिकाण, म्हणत. हेडिन यांना तेथे फार काळ थांबता आले नाही. ती वस्ती कोणाची, ती कधी आणि का ओस पडली, हे प्रश्न तसेच राहिले.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे एका संस्कृतपंडिताने मनावर घेतले. त्यांचे नाव ऑरेल स्टाइन. त्यांचा जन्म १८६२ साली हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. तरुणपणीच ते भारतात आले आणि लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य झाले. कल्हणाच्या राजतरंगिणीची त्यांनी संशोधिलेली प्रत १८९२ साली मुंबईस छापली गेली. सरकारी नोकरीतून रजा आणि खर्चास मंजुरी मिळवून १९०० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ते काश्मीरहून निघाले. गिलगिट आणि हुंझा येथील बिकट घाट चढून ते काशगरला पोहोचले आणि तेथून ऑक्टोबरमध्ये खोतानला आले.

वाळवंटात एकट्याने जाता येत नाही आणि नुसती माणसे गोळा करूनही भागत नाही. ज्याच्या अंगी जे कसब असेल, त्याने ते सर्वांच्या उपयोगी लावावे लागते. स्टाइन यांनी आपला चमू याच विचाराने जमविला. भूमापनासाठी भारतीय सर्वेक्षण विभागातील रामसिंग हे गुरखा भूमापक होते. ताऱ्यांचे वेध घेऊन आणि पर्वतशिखरांकडे नजर लावून पृथ्वीवरील आपले नेमके स्थान ते सांगू शकत. वाट दाखविण्यासाठी अहमद आणि कासिम हे दोन शिकारी घेतले होते. त्यांनीच पूर्वी हेडिन यांना वाट दाखविली होती. तिसरे होते वृद्ध तुर्दी. वाळवंटात खजिना शोधीत हिंडणे हाच त्यांचा धंदा. दंदान उइलिक येथे सापडलेले काही जुने तुकडे त्यांनीच स्टाइन यांना आणून दाखविले होते आणि त्यांतील एका तुकड्यावर ब्राह्मी अक्षरे होती. याशिवाय दुभाषा, स्वयंपाकी आणि उंटवाले होतेच. स्टाइन यांचा डॅश नावाचा लहानसा कुत्राही या तांड्यात सामील होता.

खोदकामासाठी तीस मजूर हवे होते. वाळवंटाच्या सीमेवरील तवक्कल या गावी ते मिळावयाचे होते. परंतु कोणी यावयास तयार होईना. ऐन हिवाळ्यातील थंडी आणि वाळूतील भुते या दोहोंची त्यांना धास्ती वाटत होती. खोतानचे चिनी अधिकारी पान यांनी स्टाइन यांना मनापासून साहाय्य केले. त्यांची आज्ञा आली, चांगल्या मजुरीचे आश्वासन मिळाले, शिवाय दोघे शिकारी आपल्याच गावचे असून पूर्वी वाळवंटातून सुखरूप परतले आहेत, हेही गावकऱ्यांना ठाऊक होते. तेव्हा कोठे माणसे जमली. प्रत्येकाने चार आठवड्यांचा शिधा, गरम कपडे आणि केटमन नावाचे रुंद पात्याचे कुदळीसारखे अवजार बरोबर घेतले.

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा होता. उन्हाळ्यात त्या वाळूत पाय ठेवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून स्टाइन यांनी मुद्दाम हिवाळा निवडला. थंडीत तहान कमी लागते, पाणी आटत नाही आणि त्याचा बर्फ झाला, तर तो पोत्यात भरूनही नेता येतो. तवक्कलहून पुढे घोडे नेणे शक्य नव्हते, कारण त्यांना रोज भरपूर चारापाणी लागते. ते परत पाठविण्यात आले. सात उंट आणि डझनभर गाढवे एवढीच जनावरे बरोबर राहिली. उंटांसाठी चाऱ्याचे ओझे वाहण्याऐवजी मोहरीसारख्या एका बियांचे तेल घेतले होते. त्या उग्र वासाच्या तेलाचा थोडा अंश एक दिवसाआड पाजला, की उंट अनेक दिवस चाऱ्यावाचून तग धरीत.

१२ डिसेंबर १९०० रोजी हा तांडा तवक्कलहून निघाला. त्याआधीच कासिम काही माणसे घेऊन पुढे गेला होता. मुक्कामाच्या जागा हेरून तेथे खोलगट भागात विहिरी खणून ठेवणे, हे त्याचे काम. मागून येणाऱ्यांनी त्याच्या पाऊलखुणांवरून चालावयाचे, अशी योजना होती. वाळू इतकी भुसभुशीत होती, की दिवसाकाठी नऊ-दहा मैलांहून अधिक मजल होत नसे. सारेजण, स्वतः स्टाइनसुद्धा, पायीच चालत होते. आरंभीच्या विहिरींना कडवट पाणी लागले. परंतु नदीपासून दूर जावे, तसतसे ते पिण्याजोगे मिळू लागले.

रात्रीची थंडी मात्र जीवघेणी होती. पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरे. श्वासातील वाफ दाढीमिशांवर गोठून बसे. तंबूत निजताना स्टाइन डोक्यावरून फरचा अंगरखा ओढून घेत आणि त्याच्या बाहीतून श्वास घेत. डॅशच्या अंगात काश्मीरहून आणलेला लोकरीचा अंगरखा असे. तरीही तो धन्याच्या पांघरुणात शिरून बसे. मजूर बिचारे उघड्यावर, वाळलेल्या झाडांच्या शेकोटीभोवती अंगाचे मुटकुळे करून पडत.

पाच-सहा मुक्काम झाले आणि खरी कसोटीची वेळ आली. पुढे गेलेली माणसे परत आली आणि अवशेष सापडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. चहूकडे एकसारख्या वाळूच्या टेकड्या. वाट चुकली, तर एक-एक दिवस म्हणजे शिधा आणि पाणी यांची नासाडी. वृद्ध तुर्दी आतापर्यंत गप्प होते. तांडा उत्तरेकडे जास्त सरकत आहे, अशी शंका त्यांना आधीच आली होती आणि त्यांनी ती सुचविलीही होती. पण वाट दाखविण्याचे काम शिकाऱ्यांकडे सोपविलेले असल्याने, त्यांच्या मानाला धक्का लागू नये म्हणून ते आग्रहाने बोलले नाहीत. आता त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता की होकायंत्राचा उपयोग ठाऊक नव्हता. टेकड्यांचे आकार, वाळलेल्या झाडांचे बुंधे, वाऱ्याने पाडलेल्या रेषा, हीच त्यांची अक्षरे. त्यांनी तांडा वळविला. १८ डिसेंबर रोजी वाळूतून वर डोकावणारे लाकडी खांब दिसू लागले. दंदान उइलिक आले होते!

जागेवर पोहोचताच स्टाइन यांनी उंटांना पूर्वेकडे, तीन मजलांवरच्या केरिया नदीच्या काठी चरावयास धाडले. तांडा आता त्या निर्जन ठिकाणी एकटा राहिला. विहीर खणली गेली. जळणासाठी दूर जावे लागले नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी तेथील रहिवाशांनी लावलेल्या झाडांचे वाळलेले खोड अजून उभे होते.

लहान-मोठ्या डझनभर इमारतींचे अवशेष तेथे विखुरलेले होते. लाकडी सांगाडा आणि त्यावर कुडाच्या भिंती, अशी त्यांची बांधणी. खणताना बुद्धाच्या मातीच्या मूर्ती, भिंतींवरील रंगीत चित्रे आणि चित्रे काढलेल्या लाकडी फळ्या बाहेर आल्या. एका फळीवर तीन मुखांचा देव होता आणि त्याच्या आसनाखाली दोन बैल बसलेले होते. घारापुरीचे शिल्प पाहिलेल्या कोणालाही त्या चित्रात भारताची ओळख पटावी.

दुसऱ्या एका फळीवर मुकुट घातलेली, उंदराच्या तोंडाची आकृती होती. येथे ह्युएन त्संगची कथा उपयोगी पडली. खोतानवर परकीय सैन्य चालून आले, तेव्हा राजाने वाळवंटातील पवित्र उंदरांची प्रार्थना केली. उंदरांनी रातोरात शत्रूच्या घोड्यांचे चामडी साज आणि धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडून टाकल्या आणि राजाचा विजय झाला, अशी ती कथा आहे. तो उंदरांचा राजाच या फळीवर विराजमान झालेला होता. आणखी एका फळीवर एका राजकन्येच्या मुकुटाकडे एक दासी बोट दाखवीत होती. रेशमाचे किडे देशाबाहेर नेण्यास चीनमध्ये बंदी होती. खोतानच्या राजाशी विवाह ठरलेल्या चिनी राजकन्येने किड्यांची अंडी आणि तुतीचे बी आपल्या शिरोभूषणात लपवून आणले, ही कथा ह्युएन त्संगने सांगितली आहे. ती दासी त्याच लपविलेल्या ठेव्याकडे बोट दाखवीत होती.

तुर्दी आणि मजूर यांच्या मनातील सोने मात्र निघाले नाही. निघाले ते कागद. संस्कृत पोथ्यांची सुटी पाने स्टाइन यांनी तेथल्या तेथे, वाळूत बसून वाचली. चिनी कागदांचे वाचन पुढे फ्रान्समधील पंडित शाव्हान यांनी केले. त्यांत राजेमहाराजांच्या घोषणा नव्हत्या. एक होता ७८१ सालचा तक्रारअर्ज: भाड्याने नेलेले गाढव दहा महिने झाले, तरी परत मिळाले नाही, त्याचा न्याय व्हावा. आणखी काही कागद विहारातील भिक्षूने दिलेल्या कर्जाचे होते. अकराशे वर्षांपूर्वीच्या एका साध्या माणसाची काळजी त्या कागदावर जशीच्या तशी टिकून राहिली होती.

याच कागदांनी गावाचे कोडे सोडविले. त्यांवरील सने आठव्या शतकाच्या अखेरची होती. सापडलेली नाणीही त्याच शतकातील होती. त्यानंतरचे एकही नव्हते. म्हणजे गाव ओस पडले ते आठव्या शतकाच्या शेवटी. पापी नगरावर एका रात्रीत वाळूचा पाऊस पडला आणि ते गाडले गेले, अशी दंतकथा लोक सांगत. परंतु तसे घडले असते, तर घराघरांतून भांडीकुंडी आणि मौल्यवान वस्तू सापडल्या असत्या. घरे बहुतांशी रिकामी होती. त्यावरून उघड झाले, की लोक सामानसुमान घेऊन सावकाश निघून गेले. त्या काळात चिनी सत्ता तेथून उखडली जात होती. दूरवरून पाणी आणणारे कालवे राखले गेले नाहीत, पाणी बंद झाले आणि शेती बुडाली. वाळू आली ती नंतर, वाऱ्याबरोबर, कणाकणाने.

नाताळाच्या सुमारास एक आनंदाची घटना घडली. भूमापक रामसिंग खोतानहूनच वेगळे झाले होते. दक्षिणेकडील पर्वतांची मोजणी करीत, शेकडो मैलांचा फेरा घालून ते पूर्वेच्या बाजूने दंदान उइलिक येथे येऊन पोहोचले. दोघांनी आपापले नकाशे शेजारी ठेवले. निरनिराळ्या वाटांनी आणि परस्परांपासून दूर राहून काढलेल्या त्या दोन नकाशांत या जागेच्या स्थानात मैलभराचाही फरक नव्हता. खुणांवाचूनच्या त्या वाळूत याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असू शकेल?

१९०१ च्या जानेवारीत तांडा तेथून हलला. पुढे निया येथे लाकडी पट्ट्यांवर खरोष्ठी लिपीत लिहिलेली शेकडो पत्रे मिळाली. या साऱ्या शोधाचा आणखी एक परिणाम झाला. काही वर्षे खोतानहून कोणालाच वाचता न येणाऱ्या लिपीतील जुनी पुस्तके विकावयास येत होती. कलकत्त्याचे विद्वान हर्नले यांनी ती वाचण्यासाठी अतोनात श्रम घेतले होते. परंतु स्टाइन यांना कोणत्याही अवशेषांत त्या लिपीचे एक अक्षरही आढळले नाही. एप्रिलमध्ये खोतानला परतल्यावर त्यांनी ती पुस्तके विकणाऱ्या इस्लाम अखून यास बोलावून घेतले. पूर्वी त्याने आपल्या शोधाची जी वर्णने दिली होती आणि जी हर्नले यांनी छापली होती, ती त्यालाच वाचून दाखविताच त्याचा धीर खचला. गिऱ्हाइकांना वाचता येत नाही असे दिसल्यावर आपण मनास येतील त्या आकृत्या काढल्या, पुढे लाकडी ठशांनी छापल्या, कागद रंगविले, धुरावर टांगले आणि पानांत वाळू भरली, हे त्याने कबूल केले. विद्वानांना न उलगडलेले कोडे वाळूत उभे राहून केलेल्या खोदकामाने सोडविले.

या मोहिमेत मिळालेल्या वस्तू लंडनला गेल्या. रेशमाच्या राजकन्येची फळी आज तेथील ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्टाइन यांच्या मोहिमांतील काही वस्तू नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही आहेत. स्टाइन परवाना घेऊन गेले होते, हे खरे. तथापि आपल्या भूमीतील ठेवा परदेशी गेल्याचे शल्य पुढे चिनी विद्वानांना तीव्रतेने जाणवू लागले. १९३० साली स्टाइन चौथ्या मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांना विरोध झाला आणि १९३१ साली मिळालेल्या वस्तू तेथेच ठेवून परत यावे लागले. पूर्वजांचा ठेवा कोणी आणि कोठे सांभाळावा, हा प्रश्न आजही जगातील अनेक देशांत विचारला जातो.

स्टाइन यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. परंतु तुर्दींनी तांडा वळविला नसता, कासिमने विहिरी खणल्या नसत्या, रामसिंग यांचा नकाशा अचूक नसता आणि भुतांना भिणाऱ्या त्या तीस मजुरांनी भीती गिळून केटमन हाती धरली नसती, तर ७८१ सालचा तो गाढवाचा मालक अजून वाळूखालीच न्यायाची वाट पाहत राहिला असता.

स्वाध्याय

१. स्टाइन यांनी मोहिमेसाठी हिवाळाच का निवडला? दोन कारणे लिहा.
२. तवक्कल येथून घोडे परत का पाठविण्यात आले?
३. अवशेष सापडत नाहीत असे कळेपर्यंत तुर्दी गप्प का राहिले? त्यांचे वागणे तुम्हांस योग्य वाटते काय? सकारण लिहा.
४. गाव एका रात्रीत गाडले गेले नाही, हे कोणत्या पुराव्यांवरून ठरले?
५. इस्लाम अखून याची लबाडी कशी उघडकीस आली?
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, धास्ती वाटणे, सूत्रे हाती घेणे, धीर खचणे.
७. तुमच्या गावातील जुन्या वाड्याविषयी, विहिरीविषयी किंवा देवळाविषयी सांगितली जाणारी एखादी दंतकथा वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. तिच्यातील कोणती गोष्ट पुराव्याने पडताळून पाहता येईल?